ताप उतरला म्हणजे शरीर जिंकले का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून परळला आई-वडील आणि थोरल्या भावाच्या कुटुंबासोबत राहतो. जूनच्या सुरुवातीला एका ओळखीच्या व्यक्तीशी माझा निरोध न वापरता संबंध आला. साधारण दोन आठवड्यांनी सणकून ताप भरला, घसा धरला, मानेत गाठी आल्या आणि छाती-पाठीवर पुरळ उठले. पावसाळा असल्यामुळे डॉक्टरांनी डेंग्यू आणि मलेरिया तपासला, पण काही निघाले नाही. मनात शंका होती म्हणून त्या तापातच आयसीटीसीमध्ये (सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात) एचआयव्हीची चाचणी केली, तीही निगेटिव्ह आली. आठवडाभरात मी बरा झालो. समुपदेशकांनी पुन्हा बोलावले होते म्हणून जुलैअखेर गेलो, तेव्हा चाचणी पॉझिटिव्ह आली. त्या वेळी सीडी-४ पेशी ४१० होत्या. चार आठवड्यांनी खासगी प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा, एकही गोळी न घेता, ५७० झाल्या. डॉक्टर लगेच औषध सुरू करा म्हणतात. ‘इम्युनिटी’ कमी झाली आहे एवढेच मी आत्याला सांगितले आहे आणि ती रोज गुळवेलीचा काढा पाठवते. ताप आपोआप उतरला, पेशी आपोआप वाढल्या, म्हणजे शरीर लढते आहे ना? त्याला सहा महिने संधी देऊन मग गोळ्या घेतल्या तर काय बिघडेल? मैत्रिणीला अजून काही सांगितलेले नाही.
– एक वाचक, परळ

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सहा महिने थांबू नका; गोळ्या याच आठवड्यात सुरू करा. शरीर लढते आहे हे तुमचे निरीक्षण खरे आहे आणि तुमच्या दोन्ही अहवालांत त्याचा पुरावाही आहे. परंतु त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे तो या विषाणूच्या बाबतीत लागू पडत नाही. का लागू पडत नाही हे सविस्तर सांगतो, कारण गोळी रोज घ्यायची आहे आणि ती का घ्यायची हे पटलेले असले तर पुढे एखाद्या वर्षी कंटाळा आला तरी ती सुटत नाही.

जूनच्या सुरुवातीपासून तुमच्या शरीरात काय घडले ते पाहू. एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन लागते आणि त्याच्या जोडीला आणखी एक प्रथिन लागते, जे सुरुवातीच्या संसर्गात बहुतेक वेळा सीसीआर-५ असते. ही दोन्ही ज्यांच्यावर असतात त्या पांढऱ्या पेशी, म्हणजे सीडी-४ पेशी, रोगप्रतिकारयंत्रणेत इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पेशी आहेत. शरीराच्या नाजूक अंतस्त्वचेतून आत आलेला विषाणू प्रथम जवळपासच्या अशा थोड्या पेशींमध्ये वाढतो. त्या भागात पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी परक्या जंतूला पकडून लसिका ग्रंथींकडे नेतात, कारण त्याची ओळख पटवून प्रतिकार उभा करण्याची जागा तीच आहे. या विषाणूला ती वाहतूक सोयीची पडते, कारण लसिका ग्रंथीत त्याला हव्या त्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. साधारण पहिले दहा दिवस हे सगळे रक्तात कोणतीही खूण न दिसता चालते आणि या काळात जगातली कोणतीही नेहमीची चाचणी संसर्ग पकडू शकत नाही.

त्यानंतर विषाणू रक्तात उतरतो आणि त्याची संख्या दर दिवसाला झपाट्याने वाढते. शरीराची पहिली फळी, जिला जंतूची नेमकी ओळख लागत नाही, ती याच वेळी पूर्ण ताकदीने जागी होते. इंटरफेरॉन आणि त्यांच्यासारखे अनेक रासायनिक संदेश रक्तात मोठ्या प्रमाणात सुटतात, नैसर्गिक मारक पेशी संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात, आणि पेशींच्या आतसुद्धा काही प्रथिने विषाणूची जनुकीय प्रत बिघडवण्याचा प्रयत्न करतात. त्यांतल्या एपोबेक-३-जी या प्रथिनाविरुद्ध विषाणूकडे व्हिफ नावाचे स्वतःचे प्रथिन तयारच असते, जे त्याला नष्ट करवते. तुमचा ताप, घशाची सूज, मानेतल्या गाठी आणि पुरळ हा या पहिल्या फळीच्या गदारोळाचाच परिणाम होता. अनेकांना हा ताप येतो, अनेकांना काहीच होत नाही, आणि आला तरी मुंबईत जून-जुलैमध्ये तो डेंग्यूच्या किंवा साध्या विषाणूजन्य तापाच्या खात्यात जमा होतो. तुमच्या डॉक्टरांनी आधी डेंग्यू-मलेरिया पाहिला यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

तापात केलेली चाचणी निगेटिव्ह का आली, हेही यातूनच कळते. रक्तात विषाणूचे आरएनए साधारण दहा-बारा दिवसांनी दिसू लागते, त्याच्या आवरणाआतले पी-२४ हे प्रथिन त्यानंतर काही दिवसांनी, आणि आपल्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) साधारण तीन ते चार आठवड्यांनी, काहींच्या बाबतीत त्याहूनही उशिरा. आयसीटीसीतील झटपट चाचणी मुख्यतः प्रतिपिंडे शोधते. तुम्ही गेलात तेव्हा विषाणू भरपूर होता, पण प्रतिपिंडे मोजण्याइतकी तयार झाली नव्हती. चाचणी खोटी बोलली नाही. जी गोष्ट अजून तयारच झाली नव्हती ती नाही एवढेच तिने सांगितले. समुपदेशकांनी पुन्हा बोलावले ते याच कारणाने, आणि तुम्ही गेलात हे फार चांगले केलेत. बरे वाटू लागल्यावर परत न जाणारेही असतात.

आता ताप उतरण्याकडे येऊ, कारण तुमचा सगळा युक्तिवाद तिथेच उभा आहे. संसर्गानंतर तीन-चार आठवड्यांच्या सुमारास रक्तातील विषाणूची संख्या शिखर गाठते. एका मिलिलीटरमध्ये दहा लाख किंवा त्याहूनही जास्त प्रती असणे त्या वेळी नवलाचे नसते. त्याच सुमारास प्रतिकारयंत्रणेची दुसरी फळी, म्हणजे सीडी-८ पेशी, मैदानात येतात. या पेशी नेमक्या याच विषाणूची ओळख पटवून घेतात आणि तो ज्यांच्यात वाढतो आहे त्या पेशींना हुडकून मारतात. परिणामी विषाणूची संख्या शंभरपटीने किंवा त्याहून अधिक खाली येते आणि काही महिन्यांत एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी माणसागणिक वेगळी असते आणि औषध न घेतल्यास आजार किती वेगाने पुढे सरकेल याचा अंदाज तीवरून येतो. एचएलए-बी-५७ किंवा बी-२७ हे जनुकीय प्रकार असलेल्यांमध्ये ती सरासरीने कमी राहते, कारण त्यांच्या सीडी-८ पेशी विषाणूच्या अशा भागांवर बोट ठेवतात जे बदलणे त्याला जड जाते. औषधाविना विषाणूला वर्षानुवर्षे मोजता न येण्याइतके खाली ठेवू शकणारे लोकही आहेत, पण ते शंभरात एकही नाहीत.

तुमच्या सीडी-८ पेशींनी काम केले म्हणूनच तुमचा ताप उतरला, हे मान्य. अडचण अशी की हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, औषध न घेणाऱ्या बाधित व्यक्तीच्या शरीरात दिवसाला सरासरी सुमारे १० अब्ज नवे विषाणू तयार होतात. इतक्या चुकार प्रतींमध्ये सीडी-८ पेशींना ओळखू न येणाऱ्या काही प्रती निघतातच, आणि त्याच पुढे वाढतात. पहिल्या काही आठवड्यांतच असे निसटलेले प्रकार दिसू लागतात. प्रतिपिंडांचीही तीच गत होते. तुमची चाचणी ज्यांच्यामुळे पॉझिटिव्ह आली ती सुरुवातीची प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करत नाहीत. निष्प्रभ करू शकणारी प्रतिपिंडे यायला आणखी काही महिने लागतात, आणि ती येतात तोवर विषाणूने आपले बाह्य आवरण बदललेले असते. त्यातच त्या आवरणावर शर्करेच्या साखळ्यांचे दाट कवच असते, आणि त्या साखळ्या आपल्याच पेशींनी घडवलेल्या असल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला त्या सहसा परक्या वाटत नाहीत.

राहिला प्रश्न ४१० वरून ५७० वर गेलेल्या सीडी-४ चा. विषाणू शिखरावर असताना रक्तातल्या सीडी-४ पेशी घसरतात आणि तो खाली आला की त्यांतल्या बऱ्याच परत येतात; हे औषधाविना बहुतेकांच्या बाबतीत घडते आणि त्यात तुमच्या शरीराचे काही विशेष सामर्थ्य दिसत नाही. शिवाय दोन वेगळ्या प्रयोगशाळांतले आणि दोन वेगळ्या दिवसांचे आकडे तसेही थोडे वरखाली होतात. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी (सीडी-४ आणि सीडी-८ या त्यांतल्याच) रक्तात कोणत्याही क्षणी जेमतेम दोन टक्के असतात. बाकीच्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत आणि विशेषतः आतड्याच्या अस्तरात असतात. आतड्यातल्या सीडी-४ पेशींवर सीसीआर-५ भरपूर असते, त्यामुळे विषाणू त्यांचा सर्वांत मोठा संहार तिथेच करतो आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातो. रक्तातला आकडा सावरला तरी आतड्यातली ही हानी तशी भरून येत नाही. आतड्याची भिंत त्यामुळे गळकी होते, तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात, आणि त्यांना पाहून प्रतिकारयंत्रणा पुन्हा चाळवते. ही चाळवाचाळव मग थांबत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर यांतले काहीच उमटत नाही, म्हणून ५७० हा आकडा पाहून हायसे वाटणे स्वाभाविक असले तरी त्यावर निर्णय टेकवू नये.

या ठिकाणी आत्यांच्या काढ्याचा विषय घेतो, कारण त्यामागची समजूत केवळ त्यांचीच नाही. करोनाच्या काळापासून प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की ती जितकी जास्त तितकी चांगली असे सर्वांना वाटते. एचआयव्हीच्या बाबतीत हे उलटे पडते. हा विषाणू स्वस्थ बसलेल्या सीडी-४ पेशीत नीट वाढू शकत नाही. जागी झालेली, विभाजनाला सज्ज झालेली पेशी त्याला लागते. म्हणजे प्रतिकारयंत्रणा जितकी चेतते तितके खाद्य त्याला मिळते. आग विझवायला आलेले बंबच पेट घेत जावेत तशी ही स्थिती आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे या माकडांमध्ये एचआयव्हीचा भाऊबंद म्हणावा असा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या रक्तात तो मोठ्या संख्येने असतो, तरी ती सहसा एड्सने आजारी पडत नाहीत. सुरुवातीच्या संसर्गात त्यांची प्रतिकारयंत्रणाही खवळते, पण काही आठवड्यांत ती शांत होते. आपली शांत होत नाही.

माणसांवरचा पुरावाही आहे. सीडी-४ पेशी वाढवणारे इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य, नेहमीच्या एचआयव्ही औषधांच्या जोडीला देऊन, दोन मोठ्या चाचण्यांत पाच हजारांहून अधिक रुग्णांवर पाहिले गेले आणि २००९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सीडी-४ चा आकडा खरोखर वाढला, पण आजारपण किंवा मृत्यू काही कमी झाले नाहीत. आकडा वाढवणे आणि माणूस सुरक्षित होणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असे मी म्हणतो ते याच्या आधारे. गुळवेलीविषयी आणखी एक सांगावे लागेल. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता आणि तो वाद इथे मिटवण्याचा माझा हेतू नाही. पण तुम्ही नवी औषधे सुरू करणार आहात, सुरुवातीला यकृताच्या तपासण्या होतील, आणि त्यात काही बिघाड दिसला तर तो गोळीमुळे की काढ्यामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून काढा बंद ठेवा. आत्यांना ‘डॉक्टरांनी सध्या मना केले आहे’ एवढे सांगितले तरी पुरेल. त्यांचे प्रेम कमी होणार नाही.

सहा महिन्यांनी काय बिघडेल, या तुमच्या प्रश्नाचा आणखी एक भाग आहे. विषाणू काही सीडी-४ पेशींच्या जनुकांत आपली प्रत बसवून देतो आणि त्या पेशी नंतर निद्रिस्त होतात. त्यांच्यातून काही तयार होत नसल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला त्या दिसत नाहीत आणि औषधांनाही सापडत नाहीत. हा लपलेला साठा फार लवकर तयार होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर सुमारे ३० तासांत औषधे सुरू केली होती. पुढे ती थांबली तरी दोन वर्षांहून अधिक काळ विषाणू दिसला नाही, त्यामुळे ते बरे झाले अशी जगभर आशा निर्माण झाली, पण २०१४ साली विषाणू परतला. तेव्हा लवकर औषध घेतल्याने तुम्ही संसर्गमुक्त व्हाल असे मी सांगणार नाही. मात्र औषध जितके लवकर सुरू होते तितका हा साठा लहान राहतो, विषाणूचे निसटलेले प्रकार कमी साठतात आणि चेतलेली यंत्रणा लवकर खाली येते, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. ‘सीडी-४ चांगल्या आहेत, तर थांबू या’ हाच प्रश्न ३५ देशांतल्या ४,६८५ लोकांवर केलेल्या ‘स्टार्ट’ या चाचणीने विचारला होता. सगळ्यांच्या सीडी-४ पाचशेच्या वर होत्या, म्हणजे तुमच्या ताज्या अहवालासारख्याच. २०१५ साली निकाल आला : लगेच औषध सुरू करणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचे प्रमाण थांबणाऱ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होते. तुम्हाला जो प्रयोग स्वतःवर करायचा आहे तो झालेला आहे. भारतानेही २०१७ पासून सीडी-४ कितीही असल्या तरी प्रत्येक बाधिताला औषध देण्याचे धोरण स्वीकारले आहे.

औषधोपचाराचा तपशील एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातले, डॉक्टर सांगतीलच. सध्या बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून दिवसाला एकच गोळी दिली जाते आणि सरकारी केंद्रांत ती मोफत असते. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची काही औषधे डोल्युटेग्राविरसोबत घेतल्यास त्याचे शोषण कमी होते; असे काही चालू असेल तर आवर्जून सांगा. क्षयरोगाची तपासणीही टाळू नका. मुंबईत, त्यातही दाटीच्या वस्तीत, क्षयाचा जंतू वाट्याला येणे अवघड नाही आणि एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे जगभर सर्वांत मोठे कारण तोच आहे. केईएम घराजवळ असल्यामुळे ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटत असेल, तर शीव, नायर किंवा जे. जे. रुग्णालयातील केंद्रात नोंदणीची विनंती करा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि नोकरीत किंवा उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. घरात एकत्र जेवण्याने, कपडे एकत्र धुण्याने किंवा पुतण्याला कडेवर घेण्याने काहीही पसरत नाही, त्यामुळे भावाच्या कुटुंबाला सांगण्याची घाई नाही.

मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे. जून-जुलैमध्ये तुमच्या रक्तात आणि वीर्यात विषाणू सर्वाधिक होता आणि तुमची चाचणी निगेटिव्ह होती. नेमका हाच काळ सर्वांत जास्त संसर्ग पसरवणारा असतो. त्या काळात किंवा त्यानंतर तुमचा तिच्याशी निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर तिला कळणे हा तिचा हक्क आहे आणि तुमच्या संकोचापेक्षा तो मोठा आहे. बाधित व्यक्तीने संसर्ग टाळण्यासाठी योग्य ती खबरदारी घ्यावी, हे वर सांगितलेल्या कायद्यातही आहे. एकट्याने सांगणे जमत नसेल तर तिला आयसीटीसीच्या समुपदेशकांकडे सोबत घेऊन जा. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही बोलता येते. तुमची चाचणी ज्या कारणाने आधी निगेटिव्ह आली तेच तिलाही लागू आहे, म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधाला तीन महिने पूर्ण होईपर्यंत तिची एखादी निगेटिव्ह चाचणी अंतिम मानू नका. तो संबंध गेल्या तीन दिवसांतला असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आजच तिला रुग्णालयात न्या, कारण संसर्ग टाळण्यासाठीची २८ दिवसांची औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तुमचे औषध नियमित सुरू राहिले आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूची संख्या, सहा महिने मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून तुमच्याकडून तिला संसर्ग होणार नाही. तोपर्यंत निरोध वापरायचा आहे, दर वेळी.